आजीची तबकडी आणि तीन यंत्रें

वस्तु विकत घेतांना मनुष्य बहुधा ती दिसते कशी हें पाहतो. ती दुसऱ्या वस्तूशीं वागते कशी, हें पाहण्याचें भान त्याला मागाहून येतें. मला तें भान आलें तेव्हां आमच्या घरांतील एका तबकडीचें नुकसान होऊन चुकलें होतें, आणि तें कोणत्याहि दुरुस्तीनें भरून येण्यासारखें नाहीं. ज्यांच्या घरीं जुन्या तबकड्या पडून आहेत, किंवा ज्यांना त्या जमविण्याचा छंद नव्यानेंच लागला आहे, अशा वाचकांना माझ्या चुकीचा कांहीं उपयोग व्हावा, एवढ्याच हेतूनें ही हकीकत लिहीत आहें.

आमचें घर मिरजेस आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत माळा झाडतांना आजीची पत्र्याची पेटी खालीं काढली. तींत जुन्या लुगड्यांच्या घड्यांत गुंडाळलेल्या एकेचाळीस तबकड्या निघाल्या. त्यांपैकीं सतरा लाखेच्या होत्या. हातांत जड, आणि पडल्या तर कांचेसारख्या फुटणाऱ्या. बालगंधर्व व हिराबाई बडोदेकर यांचीं गाणीं त्यांवर होतीं. बाकीच्या चोवीस व्हिनाइलच्या; त्यांना आजी 'लाँग प्ले' म्हणते. लाखेची तबकडी मिनिटास ७८ फेरे घेते व तिच्या एका बाजूस तीन ते चार मिनिटांचें गाणें मावतें. लाँग प्ले तबकडी अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें इ. स. १९४८ सालीं प्रचारांत आणली. ती मिनिटास ३३⅓ फेरे घेते आणि तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणें राहतें. ख्याल गाणाऱ्यास विलंबितापासून द्रुतापर्यंत सवडीनें जातां येऊं लागलें, तें या तबकडीमुळें.

त्या चोवीसांतील एक तबकडी आजीनें हलक्या हातानें बाजूला काढली. तिच्या आवरणाच्या कोपऱ्यांत पेन्सिलीनें 'काळी १' एवढेंच लिहिलेलें होतें. "हें काय आहे?" म्हणून मीं विचारलें. आजी म्हणाली, "लग्नाआधीं मी गाणें शिकत होतें, बाळ. लग्नानंतर तें सुटलें. मग १९७३ सालीं तुझ्या आजोबांनीं ही तबकडी आणि वाजवायचें यंत्र आणून दिलें. दुपारीं घरांतलीं सगळीं माणसें आपापल्या कामाला गेलीं कीं मी पेटी पुढें घेऊन हिच्याबरोबर गात असें. गवई कोणत्या स्वरांत गातात तें विसरूं नये म्हणून लिहून ठेवलें. बाजू संपत आली कीं ते तार षड्जावर जाऊन उभे राहतात. तेथवर माझा गळा कधीं पोंचला नाहीं. पण तो स्वर ऐकायला मी रोज जात असें."

आजोबांच्या पश्चात् तें जुनें यंत्र बिघडलें व मोडींत गेलें. आजीनें तो तार षड्ज वीस वर्षांत ऐकला नव्हता. तो तिला पुन्हां ऐकवावयाचा, असा मीं त्याच क्षणीं निश्चय केला. निश्चय चांगला होता; परंतु त्याच्या पाठीशीं ज्ञान नव्हतें.

बाबांनीं सहा हजार रुपये दिले. माझा मामेभाऊ व मी एका मोठ्या शहरांतील दुकानांत गेलों आणि पहिल्याच दृष्टिक्षेपांत मोहित झालों. बैठ्या पेटीच्या आकाराचें, निळ्या आवरणाचें, पितळी कड्यांचें असें तें यंत्र होतें. झांकण उघडलें कीं आंत सर्व कांहीं तयार. स्पीकरसुद्धां त्याच पेटींत. आम्हीं फारशी चौकशी केली नाहीं. दुकानदारानेंहि कांहीं सांगितलें नाहीं; विचारलेंच नाहीं, तर त्यानें तरी काय सांगावें?

घरीं आणल्यावर पहिला आठवडा आनंदांत गेला. पुढें आवाज थोडा वाढविला कीं सुई उडूं लागली. मामेभावानें सुचविलें कीं, सुईच्या दांड्यावर एक रुपयाचें नाणें ठेव, म्हणजे ती बसून राहील. मीं तसें केलें, आणि खरोखरच सुई उडेनाशी झाली. या युक्तीचा मला अभिमानसुद्धां वाटला. रोज संध्याकाळीं आजी खुर्चींत बसे, मी तबकडी लावीं, आणि शेवटचा तार षड्ज येई तेव्हां तिचे डोळे मिटलेले असत.

सुमारें तीन आठवड्यांनंतर एका संध्याकाळीं त्या स्वराच्या वेळीं आजीनें डोळे उघडले. मलाहि ऐकूं आलें. स्वर फाटला होता. जणूं कोणी ताणलेल्या रेशमावर नख ओढीत होतें. मीं सुई पुसली, तबकडी पुसली, पुन्हां लावली; स्वर तसाच फाटलेला. आजी एक शब्दहि बोलली नाहीं. तिनें तबकडी उचलली, आवरणांत घातली, लुगड्याच्या घडींत गुंडाळली आणि पेटींत ठेवून दिली. त्यानंतर तिनें कित्येक दिवस तिचें नांव काढलें नाहीं. ती रागावली असती तर मला अधिक बरें वाटलें असतें.

मीं ही गोष्ट शाळेंत आमच्या विज्ञानाच्या सरांना सांगितली. त्यांनीं प्रयोगशाळेंतील सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं एक निरुपयोगी तबकडी ठेवून मला पाहावयास लाविलें. साध्या डोळ्यांना जी गुळगुळीत काळी रेघ दिसते, ती वस्तुतः नागमोडी खांच आहे. तिच्या दोन्ही भिंतींवर लाटा आहेत, आणि त्या लाटा म्हणजेच गाणें. सरांनीं सांगितलें, "लाँग प्ले तबकडीच्या सुईचें गोल टोंक सुमारें १८ मायक्रॉन त्रिज्येचें असतें. इतक्या बारीक टोंकावर चार-पांच ग्रॅमांचा भारहि भिंतींवर प्रचंड दाब पाडतो. तुझ्या यंत्रांत सिरॅमिक जातीचें कार्ट्रिज आहे. त्याला वीज उत्पन्न करण्यासाठीं सुईनें जोरानें ढकलावें लागतें, म्हणून त्याचा भार पांच ग्रॅमांच्या आसपास, कधीं त्याहूनहि अधिक ठेवितात. आणि त्यावर तूं नाणें ठेवलेंस!" मीं नंतर तें नाणें सराफाच्या कांट्यावर तोलून पाहिलें, पावणेचार ग्रॅम भरलें. म्हणजे तीन आठवडे मी आजीच्या तबकडीवरून जवळजवळ दुपटीचें ओझें ओढीत होतों.

"पण नेमका शेवटचाच स्वर कां बिघडला?" असें मीं विचारलें. सर म्हणाले, "तबकडीच्या बाहेरच्या कडेस सुई एका फेऱ्यांत सुमारें ९० सेंटिमीटर चालते, आंतल्या बाजूस सुमारें ४०. वेळ तेवढाच. म्हणून आंतल्या बाजूस लाटा दाटीवाटीनें बसतात. उंच व जोरदार स्वराच्या लाटा तर सर्वांत तीव्र. जड व जाड सुईला तेथें वळतां येत नाहीं, आणि जें वळण तिला घेतां येत नाहीं तें ती खरडून काढते. आणखी एक चूक ऐक. स्पीकर त्याच पेटींत असल्यामुळें त्यांचे हादरे सुईला बसत होते. सुई उडत होती ती हलकी होती म्हणून नव्हे. तिच्याखालची जमीन हालत होती म्हणून. रोग एक आणि औषध भलतेंच, असें तुझें झालें."

तें निळें यंत्र त्या दिवसापासून मीं बंद केलें.

दुसरें यंत्र आम्हांस फुकट मिळालें. माझ्या काकांचे एक स्नेही अमेरिकेहून कायमचे परत आले, त्यांनीं आपलें जुनें यंत्र आम्हांस दिलें. तें उत्तम बांधणीचें, वजनदार व हलक्या सुईचें होतें. तेथील वीज ११० ते १२० व्होल्टची व आपली २३० व्होल्टची, म्हणून काकांनीं योग्य तो ट्रान्सफॉर्मरहि जोडून दिला. मीं यंत्र लाविलें आणि आजीला हांक मारली. ती आली, परंतु दोनच मिनिटांत उठून आपली पेटी घेऊन बसली. एक-दोन पट्ट्या दाबून म्हणाली, "अरे, हे काळी एकमध्यें गातात. इथें तर काळी पांच लागते आहे. बुवा असे म्हातारे कां झाले?"

मीं घड्याळ लावून फेरे मोजले. ३३⅓ च्या जागीं मिनिटास जेमतेम २८ भरले. कारण सरांकडून कळलें. अमेरिकेंतील विजेचा प्रवाह सेकंदास ६० वेळां आवर्तन घेतो, आपल्याकडील ५० वेळां. त्या जुन्या यंत्राची मोटर या आवर्तनांच्या तालावर फिरणारी होती, म्हणून येथें ती सहांतील पांच हिश्श्यांच्याच गतीनें फिरे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, आवर्तनें बदलीत नाहीं. मोटरीच्या आंसावरील चाकी ५० आवर्तनांसाठीं केलेली मिळती तर तें यंत्र उत्तम चाललें असतें. ती आम्हांला मिळाली नाहीं. त्या दिवशीं मला दोन गोष्टी कळल्या. एक, परदेशचें यंत्र घेण्यापूर्वीं त्याच्या मागील पाटीवर '५० हर्ट्झ' आहे कीं नाहीं, किंवा तें विजेच्या आवर्तनांवर अवलंबून नसणारें आहे काय, हें पाहावें. दुसरी, पन्नास वर्षांपूर्वीं पेन्सिलीनें लिहिलेले दोन शब्द हेंसुद्धां मोजमापाचें साधन होऊं शकतें.

तिसऱ्या खेपेस मीं घाई केली नाहीं. मिरजेच्या सतारमेकर गल्लींत एकोणिसाव्या शतकापासून सतारी व तंबोरे होत आले आहेत. तेथें एक वृद्ध कारागीर आहेत. आजीचा तंबोरा त्यांच्या वडिलांनीं केलेला. आम्ही सर्व मुलें त्यांना चाचा म्हणतों. ते एका तंबोऱ्याची जवारी काढीत बसले होते. मीं सर्व हकीकत सांगितल्यावर ते कांहीं वेळ तार छेडून ऐकत राहिले, आणि म्हणाले, "यंत्र पाहायला जाशील तेव्हां तानांची तबकडी नेऊं नकोस. तानेंत सगळें खपून जातें. जिच्या आरंभीं नुसता तंबोरा वाजतो अशी तबकडी ने, आणि डोळे मिटून ऐक. तंबोऱ्याचा स्वर म्हणजे गवंड्याचा ओळंबा. भिंत सरळ आहे कीं झुकली आहे, तें ओळंबा सोडल्याशिवाय कळत नाहीं. स्वर डोलला तर यंत्र कितीहि देखणें असो, उठून ये."

नाताळच्या सुटींत आजीला घेऊन मी पुण्यास गेलों. बरोबर एक साधारण मोलाची, तंबोऱ्यानें सुरू होणारी तबकडी घेतली होती. दुकानदार सज्जन होते. त्यांनीं आम्हांला वाजवून पाहूं दिलें. पहिलें यंत्र दिव्यांनीं झगमगत होतें. आजीनें डोळे मिटले, क्षणभर ऐकलें आणि मान हालविली. मलाहि तंबोरा पाळण्यांत बसल्यासारखा ऐकूं आला. दुसरें यंत्र अगदीं साधें, काळें. त्याची थाळी रबरी पट्ट्यानें फिरे. तंबोरा लागला, आणि तो जागचा हालला नाहीं. आजीनें डोळे उघडले नाहींत. तेवढ्यावरून मीं समजलों.

तरीहि मीं वहींत लिहून नेलेले प्रश्न एकेक करून विचारले. नव्या संग्राहकानें तेच विचारावेत असें मला वाटतें, म्हणून येथें सांगतों.

सुईचा भार किती, आणि तो कमीजास्त करतां येतो काय? दांड्याच्या मागच्या टोंकास फिरतें वजन असेल तर तो तोलतां येतो. चुंबकीय कार्ट्रिजांपैकीं पुष्कळांस दीड ते अडीच ग्रॅम भार पुरतो. करणाऱ्यानें सांगितला असेल तेवढाच ठेवावा. फार हलका भारहि वाईट. कारण तशी सुई भिंतींवर आपटत जाते.

सुई बदलतां येते काय, आणि ती बाजारांत मिळते काय? हिऱ्याचें टोंकसुद्धां झिजतें. सामान्यतः ५०० ते १००० तास टिकतें. नीलमण्याचें टोंक त्याहून फार लवकर झिजतें. झिजलेली सुई खांचेला पटाशीप्रमाणें कापते.

गति स्थिर आहे काय? थाळी पट्ट्यानें फिरो कीं मोटरीनें थेट फिरो, बांधणी चांगली असल्यास दोन्हीं रीती चांगल्या. पट्टा कालांतरानें सैल होतो, परंतु तो स्वस्त असतो व सहज बदलतां येतो.

फोनो अँप्लिफायर आंत आहे कीं निराळा घ्यावा लागेल? चुंबकीय कार्ट्रिजांतून बहुधा तीन ते पांच मिलिव्होल्ट एवढीच क्षीण वीज निघते. शिवाय तबकडी कोरतांना खर्जाचा जोर कमी व टिपेचा जोर अधिक ठेवितात. याचें सर्वमान्य प्रमाण १९५४ सालीं ठरलें. वाजवितांना तें उलट करून मूळपदावर आणावें लागतें. तें काम हा भाग करतो. तो नसेल तर आवाज किरटा व दुबळा येतो.

शेवटचा प्रश्न लाखेच्या तबकड्यांचा. त्यांची खांच रुंद असते. तिला लाँग प्लेच्या सुईच्या सुमारें चौपट जाड टोंक लागतें. पुष्कळ नव्या यंत्रांत ७८ ची गतिही नसते. आम्हीं घेतलेल्या यंत्रांत ती आहे, व जाड सुई निराळी घेऊन बदलतां येते. चावीच्या कर्ण्याच्या ग्रामोफोनवर मात्र व्हिनाइलची तबकडी कधींहि लावूं नये. त्याच्या पोलादी सुईवर १०० ग्रॅमांहून अधिक भार असतो. माझें नाणें त्यापुढें कांहींच नव्हे.

दुकानदारांनीं टेक्निक्स कंपनीच्या एस-एल १२०० या यंत्राची गोष्ट सांगितली. तें १९७२ सालीं निघालें, १९७९ सालीं त्याच्या गतीवर स्फटिकाचें नियंत्रण आलें, २०१० सालीं त्याचें उत्पादन थांबलें, आणि लोकांची मागणी टिकून राहिल्यामुळें २०१६ सालीं तें पुन्हां सुरू झालें. नृत्यगृहांतून रात्र रात्र राबलेलीं त्याचीं जुनीं यंत्रें अद्यापि चालतात. तें आमच्या ऐपतीबाहेरचें होतें. परंतु त्या गोष्टींतून मला विश्वासूपणाचा अर्थ कळला. जें कधींच झिजत नाहीं असें यंत्र नाहीं. जें गतीला पक्कें असतें, आणि ज्याचा झिजलेला भाग बदलून मिळतो, तें विश्वासू.

काळ्या यंत्राला निळ्याच्या जवळजवळ चौपट किंमत पडली. बाबांनीं अर्धी दिली. उरलेली माझ्या बक्षिसाच्या व आजीच्या पेन्शनच्या पैशांतून भरली. आजीचे पैसे घेतांना मला मान वर करवेना. घरीं आल्यावर भिंतींत कडाप्पाची फळी बसविली, गवंड्याची पाणसळ आणून यंत्र समपातळींत ठेविलें, स्पीकर दूर ठेविले, आणि छोट्या कांट्यावर सुईचा भार तोलला. किती तास वाजलें तें लिहिण्यासाठीं एक वही केली. सर्व सिद्धता झाली. पण ती तबकडी मागण्याचा मला धीर होईना.

चार दिवसांनीं आजीनें ती आपण होऊन आणून दिली. "लाव," एवढेंच म्हणाली.

विलंबित झालें, द्रुत सुरू झालें. बाजू संपत आली तसतशी माझी छाती धडधडूं लागली. आणि तो तार षड्ज आला. तो पूर्वीसारखा निखळ नव्हता. कडेला एक बारीक खरखर होती. परंतु तो फाटला नाहीं. सरांनीं मागाहून कारण सांगितलें. जुनी सुई गोल टोंकाची, नवी लंबगोल. ती खांचेच्या भिंतीला थोड्या निराळ्या जागीं स्पर्श करते. तेथें जुन्या सुईनें न झिजविलेला भाग थोडासा उरला होता.

सुई उचलून मी आजीकडे पाहिलें. मीं क्षमा मागावी म्हणून तोंड उघडलें, पण तीच आधीं बोलली.

"गळा थोडा बसला आहे," ती म्हणाली, "पण स्वर जागेवर आहे."

मग तिनें पेटी पुढें ओढली, काळी एक धरली, आणि मला म्हणाली, "पहिल्यापासून लाव."

— एक विद्यार्थी, इयत्ता १० वी